अडीच छर्रे

३० सप्टेंबर १९८८, शुक्रवार, दुपारचे तीन. धुळ्यातल्या एका कॉलेजची भौतिकशास्त्राची व्याख्यानाची खोली. तोलायचा आकडा होता अठराशे छत्तीस. हजर होते विभागप्रमुख, चार प्राध्यापक, दोन शिपाई, बी.एस्सी.ची साठेक मुलंमुली, नानांची थोरली बहीण अक्का आणि मी. यातला साठ हा आकडा अंदाजाचा आहे. बाकीचे मी मोजले होते.

नाना त्या दिवशी निवृत्त होत होते. एकतीस वर्षं ते त्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. परिचर म्हणजे प्रयोगाचं सामान मांडणारा, काचा पुसणारा, तुटलेली तार जोडून देणारा माणूस. शिकवणं हे त्याचं काम नाही. निरोपाला शाल, नारळ आणि चार भाषणं असा बेत ठरला होता. नानांनी महिनाभर आधी विभागप्रमुखांना गाठलं, शाल नको म्हणाले आणि तिच्या बदल्यात व्याख्यानाच्या खोलीतली पंधरा मिनिटं मागितली. मुलांसमोर उभं राहून त्यांना एक गोष्ट तोलून दाखवायची होती. एकदाच.

विभागप्रमुख भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "घ्या की नाना, पंधरा मिनिटं घ्या."

घरी येऊन नाना मला म्हणाले, "न्यूट्रॉन एकटा पडला की मोडेपर्यंत त्यालाही सरासरी तेवढीच मिनिटं मिळतात."

मी नानांचा भाडेकरू. मूळचा यावलचा, वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदाराचा काटा खरा की खोटा ते पाहणं हे माझं काम. धुळ्याला बदली झाली आणि मी खोली शोधत नानांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, माणसं किती ते विचारलं नाही, जात विचारली नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या पेटीतलं सगळ्यात लहान वजन कोणतं?"

मी म्हणालो, "एक मिलिग्रॅम."

"फार मोठं आहे," ते म्हणाले आणि किल्ली आणायला आत गेले.

उंचीने बेताचे, अंगात खाकी कोट, खिशात चिमटा. तो चिमटा त्यांनी मंगल कार्यालयातही खिशात ठेवलेला मी पाहिला आहे. प्रयोगशाळेतलं वजन बोटांनी उचलायचं नाही, चिमट्याने उचलायचं, हा नियम सगळीकडेच असतो. पण नाना माझ्या पेटीतल्या किलोच्या लोखंडी वजनालाही हात लावत नसत. "घामालाही वस्तुमान असतं," म्हणायचे. वजन आणि वस्तुमान यांत मी गल्लत केली की ते डोळे मिटून घेत. वजनमापे खात्याच्या माणसाने दिवसातून किती वेळा वजन म्हणायचं याला मर्यादा नसते, त्यामुळे माझ्याशी बोलताना त्यांचे डोळे बराच वेळ मिटलेले असत.

त्यांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. पण कॉलेजच्या वाचनालयातल्या जाड इंग्रजी पुस्तकांतून त्यांनी आकडे उतरवून घेतले होते. शंभर पानी वही होती, तिच्यात उजव्या पानावर आकडा आणि डाव्या पानावर तो कोणत्या पुस्तकातून कधी घेतला ते. नवी आवृत्ती आली की जुना आकडा खोडायचा नाही, त्याच्याखाली नवा लिहायचा. इलेक्ट्रॉनच्या मानाने प्रोटॉन किती जड, याचे त्या वहीत एकाखाली एक सहा आकडे होते आणि ते सहाही अठराशे छत्तीसच्या पुढे, दशांश चिन्हानंतर बदलत गेलेले होते. नाना ते पान मला असं दाखवत, जशी माणसं मुलाची प्रगतिपुस्तकं दाखवतात.

त्यांचं भांडण एका तक्त्याशी होतं. व्याख्यानाच्या खोलीत फळ्याशेजारी तो कापडी तक्ता टांगलेला असे. अणूचं चित्र, आणि खाली तीन ओळी. प्रोटॉनचे वस्तुमान : १. न्यूट्रॉनचे वस्तुमान : १. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान : नगण्य. दर जूनमध्ये तो झटकून भिंतीवर चढवायचं काम नानांचं. एकतीस वेळा त्यांनी तो चढवला. नोकरीच्या पाचव्या की सहाव्या वर्षी त्यांनी तेव्हाच्या एका प्राध्यापकांना म्हणून पाहिलं की साहेब, नगण्य म्हणजे ज्याची गणतीच नाही ते. याची तर गणती झालेली आहे, आकडा छापलेला आहे. मग नगण्य कसं? आणि हे दोघे एक-एक कसे? त्यांच्यातही फरक आहे.

साहेब म्हणाले, "तुम्ही काचा पुसा."

पुढे एकदा एक प्राध्यापक आजारी होते. मुलं बसून होती. नाना काहीतरी ठेवायला खोलीत गेले, एका मुलाने काहीतरी विचारलं आणि नानांनी दहा मिनिटं उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना कागद आला की परिचराने वर्गात बोलू नये. तो कागद त्यांनी वहीच्या शेवटच्या पानाला डकवून ठेवला होता. रागाने नव्हे. डाव्या बाजूला, नेहमीप्रमाणे, तो कुठून आणि कधी आला ते लिहिलेलं होतं.

तक्ता बदलला का, असं कोणी विचारील म्हणून सांगतो. नाही बदलला. जळगावला बदली झाल्यावर कामानिमित्त मी एकदा त्या खोलीत डोकावलो होतो, तेव्हाही तो तिथेच होता.

"सारखं" हा शब्द नानांना सहन होत नसे. भाजीवाली म्हणाली, "दोन्ही गड्ड्या सारख्याच शेत नाना," तर ते खरोखर दुखावत. "जवळजवळ म्हणा मावशी, जवळजवळ." माझ्या दोन मुली जुळ्या. त्यांचा जन्म धुळ्यातला. बघायला येणारा प्रत्येकजण म्हणे, "अगदी सारख्या हो!" नाना आले, त्यांनी दोघींकडे बराच वेळ पाहिलं आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तुमचा ऑफिसचा काटा रविवारी घरी आणता येईल का?"

माझ्या बायकोने ते ऐकलं. ती म्हणाली, "लेकरांचं वजन करायचं नाही. दृष्ट लागते."

नाना म्हणाले, "वहिनी, वजन नाही करत. एकीला या पारड्यात ठेवू, दुसरीला त्या. नुसता फरक लिहितो. फरकाला दृष्ट लागत नाही."

ऑफिसचा काटा घरी आणणं नियमात बसत नव्हतं, म्हणून मी दूधवाल्याचा तराजू आणला. दीड वर्ष दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नानांनी फरक लिहिला. धाकटी बाराव्या महिन्यात थोरलीच्या पुढे गेली, तेव्हा त्यांनी दोघींना वेगवेगळ्या किमतीची खेळणी आणली. बायको चिडली. पण आधी मी पोरींना नावाने हाक मारताना चुकायचो आणि नाना कधीच चुकले नाहीत, हेही तिने पाहिलेलं होतं.

आता त्या तोलण्याविषयी.

नानांच्या वहीप्रमाणे इलेक्ट्रॉन एक धरला तर प्रोटॉन अठराशे छत्तीस आणि न्यूट्रॉन अठराशे साडेअडतीस. पुढचे शतांश आहेत, पण ते त्यांनी जड मनाने सोडले होते. म्हणजे तक्त्यावर जे दोघे एक आणि एक होते, त्यांच्यात अडीच इलेक्ट्रॉनांचा फरक. नानांना तो फरक डोळ्यांना दाखवायचा होता. दोन पिशव्या करायच्या. एकीत अठराशे छत्तीस दाणे, दुसरीत अठराशे साडेअडतीस. कॉलेजच्या काचेच्या पेटीतल्या तराजूवर समोरासमोर ठेवायच्या. काटा अडीच दाण्यांनी झुकेल.

आधी त्यांनी ज्वारी म्हटलं. मी म्हणालो, "नाना, ज्वारीचे दोन दाणे सारखे नसतात." हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून ते इतके खूश झाले की त्यांनी मला चहा केला. मग बाजरी, मोहरी, साबुदाणा, सगळं बाद झालं. शेवटी मीच म्हणालो की सायकलच्या फ्रीव्हीलमधले बारीक छर्रे घ्या, पोलादी असतात, एकाच मापाचे. सुट्या भागांच्या एका घाऊक दुकानदाराने नानांच्या शब्दावर सव्वीस ग्रोस छर्रे दिले. काम झालं की परत करायचे. ग्रोसच्या पुड्या असतात, एकशे चव्वेचाळीसच्या. नानांनी बोटांवर हिशेब केला आणि दुकानातच ओरडले, "प्रोटॉन म्हणजे बरोब्बर पावणेतेरा ग्रोस!" मी कागदावर करून पाहिलं. बरोबर होतं.

पण पुडीवरच्या छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे आम्हा दोघांनाही मान्य होतं. मोजायचं तर सगळं पहिल्यापासून.

न्यूट्रॉनची पिशवी नानांनी स्वतः मोजली. तिच्यात अर्धा छर्रा होता आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती देणं शक्य नव्हतं. तो अर्धा त्यांनी लाखेत रुतवून सहाणेच्या दगडावर घासून घासून केला. सतरा दिवस लागले. रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की ओट्यावर बसून घासायचे, मग चिमट्याने उचलून डोळ्यासमोर धरायचे. शेजारचे पेन्शनर आबा रोज कुंपणापलीकडून विचारायचे, "काय नाना, कुठवर आलं?"

"पाऊण," नाना सांगायचे. पुढच्या आठवड्यात, "अर्ध्याच्या जरा वर."

"अन् झाल्यावर काय करायचं त्याचं?"

"झाल्यावर अर्धा असेल तो, आबा."

प्रोटॉनची पिशवी मोजली अक्कांनी. अक्का म्हणजे नानांपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, सासर पिंपळनेरकडचं. आईमागे नानांना त्यांनीच वाढवलेलं. सासरी खळ्यावर कापणीच्या मजुरांना धान्य मापून देण्याचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडे होतं. डोंगराकडची माणसं कामाला यायची ती म्हणे आधी विचारायची की माप कोण देणार, अक्का की दुसरं कोणी. अक्कांच्या मापाबद्दल कधी तक्रार झाली नाही, ही गोष्ट नाना पुन्हा पुन्हा सांगत. भावाच्या निरोपासाठी त्या एस.टी.ने आल्या होत्या, आणि आल्या दिवशीच विचारलं, "माले काही काम सांग भाऊ. बशीसन खाऊ का?"

दोन दुपारी त्या परातीपुढे बसून होत्या. चष्मा नाही. बोटाने एकेक छर्रा सरकवायचा आणि मोठ्याने मोजायचं. शंभराचा एक ढीग. असे अठरा ढीग, आणि शेवटी छत्तीसचा एक छोटा. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज यायचा. प्रत्येक ढिगाची सुरुवात "लाभ" अशी व्हायची. मला त्यात नवल वाटलं नाही. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक कोणी म्हणत नाही, लाभ म्हणतात. माझी आईही म्हणायची.

मोजून झाल्यावर अक्कांनी दोन्ही पिशव्यांची तोंडं दोऱ्याने शिवून टाकली. कापड, दोरा, दोन्हींना एकाच मापाचं. मी नानांना म्हणालो, "उद्या ऑफिसात एकदा तोलून बघू का? खात्री असलेली बरी."

नाना म्हणाले, "अक्कानं मोजलंय."

"मोजलंय, पण तपासायला काय हरकत?"

"तुमच्या आईनं भाकरी वाढली तर तुम्ही ती तोलता का?"

मी म्हणालो, नाही. पण भाकरीचा इथे काय संबंध, हे माझ्या मनात राहिलंच. एकीकडे दशांशाच्या पुढच्या आकड्यासाठी वही ठेवणारा माणूस, आणि इथे तपासायला नको म्हणत होता. मी नोकरीत शिकलो होतो की न तपासलेला काटा म्हणजे नसलेला काटा. पण पिशव्या त्यांच्या होत्या.

तर शुक्रवार, दुपारचे तीन. टेबलावर काचेच्या पेटीतला तराजू. तो नानांनी एकतीस वर्षं पुसलेला. समोर मुलं. पुढच्या बाकावर अक्का, नऊवारी, डोक्यावर पदर, हात मांडीवर. नानांनी खाकी कोटाची सगळी बटणं लावली होती. ते काय दाखवणार ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. "या तक्त्यावर हे दोघे सारखे आहेत. मी आज दाखवतो की ते जवळजवळ आहेत. सारखे नाहीत. न्यूट्रॉन अडीच छर्ऱ्यांनी जड आहे."

डाव्या पारड्यात प्रोटॉन ठेवला, उजव्यात न्यूट्रॉन. काच खाली ओढली. काटा मोकळा करणारी तराजूची मूठ फिरवली.

डावं पारडं खाली गेलं. थोडंथोडकं नाही, जाऊन टेकलं.

नानांनी मूठ परत फिरवली, पिशव्यांच्या जागा बदलल्या. आता उजवं खाली गेलं. प्रोटॉनच जड.

मागून एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "नाना, तुमच्या प्रोटॉननं आज दाबून जेवण केलेलं दिसतंय!" मुलं हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता, पण साठ जणांचं हसणं होतं. नाना तराजूकडे पाहत राहिले. विभागप्रमुख उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या नाना. भावना पोचली."

ते वाक्य लागलं. मला दिसलं.

"सर, भावना पोचवायला मी उभा राहिलो नव्हतो," नाना म्हणाले.

अक्का बाकावरूनच विचारत होत्या, "काय व्हयनं भाऊ? काय व्हयनं?"

मी उठलो. विभागप्रमुखांना म्हणालो, मी वजनमापे निरीक्षक, मला दोन मिनिटं द्या. पेटी माझ्याजवळ होती. हलक्या पारड्यात चिमट्याने वजनं टाकत गेलो. दोन ग्रॅम आणि एकशे पंचेचाळीस मिलिग्रॅमला काटा मध्यावर आला. एक छर्रा एकशे तीस मिलिग्रॅमचा, हे मला ठाऊक होतं. कागदावर भागाकार केला. साडेसोळा. प्रोटॉन साडेसोळा छर्ऱ्यांनी जड. तो अडीचने हलका असायला हवा होता. साडेसोळा आणि अडीच, एकोणीस. प्रोटॉनच्या पिशवीत एकोणीस छर्रे जास्त होते.

अठरा ढीग आणि एक छोटा. एकोणीस ढीग. प्रत्येकात एक जास्त.

आमच्याकडे यावल भागात लाभ म्हणजेच एक. पुढचं माप दोन. अक्कांच्या खळ्यावर मजुरांना देताना लाभ वेगळा धरत असणार. तो घेणाऱ्याचा. त्याच्यानंतर एक, दोन, तीन. खात्यात असताना मी शेकडो काटे पकडले, सगळे कमी देणारे. जास्त देणारी चूक मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

मी कागद नानांपुढे सरकवला. मी बोलायच्या आत त्यांनी बेरीज केलेली होती. त्यांनी वर पाहिलं ते अक्कांकडे. मला वाटलं, एक वाक्य बोलायचा अवकाश आहे. मोजणाऱ्याची चूक झाली, एवढं म्हटलं की त्यांची पंधरा मिनिटं त्यांना परत मिळतील. आणि चाळीस वर्षं जिच्या मापाला कोणी नाव ठेवलं नाही ती बाई साठ जणांपुढे खोटी ठरेल. तेवढं बोलायला नाना तयार नसतील, तर मग शाल घेऊन घरी जायचं. तिसरं काही मला दिसत नव्हतं.

नानांनी विचारलं, "अक्का, प्रत्येक ढिगाला लाभ धरला का?"

"मंग?" अक्का म्हणाल्या. "लाभ नही धरा ते मोजनं कसानं?"

"अन् लाभानंतर एक?"

"एकच ना. लाभ काय मोजामा धरतस का? कोरं शंभर कोनी कोनले देस का भाऊ?"

खोलीत कोणी हसलं नाही. निम्मी मुलं खेड्यातून येणारी होती. नाना त्यांच्याकडे वळले. "लाभ म्हणजे काय, सांगा."

"पहिलं माप!" मागून दोघं-तिघं एकदम म्हणाले. एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे तेच एक धरतात सर." नानांना कोणी सर म्हणायची ती पहिली वेळ असावी. एक मुलगा म्हणाला, "आमनाकडे नही धरतस. तो वरना." म्हणजे वरचा, मोजणीबाहेरचा.

"दोन्ही पद्धती खऱ्या," नाना म्हणाले. "कोणत्या पद्धतीनं मोजायचं ते मी अक्काला सांगितलं नाही. मोजायला देणाऱ्यानं ते आधी सांगायचं असतं. एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, आधी काट्याचं शून्य बघा. मी बघितलं नाही. अक्काच्या मोजण्यात चूक नाही, पिशवीत एकोणीस लाभ जास्तीचे आहेत. ते काढू. अक्का, इकडे ये. तूच काढ."

अक्का टेबलापाशी गेल्या. दाताने दोरा तोडला. पिशवीतून एकेक छर्रा काढून डाव्या तळहातावर घ्यायला लागल्या आणि खणखणीत आवाजात मोजायला लागल्या, "लाभ. एक. दोन. तीन." मुलांनी सूर धरला. चार, पाच, सहा. तरुण प्राध्यापकही मोजत होते. एकोणीसला सगळी खोली थांबली. अक्कांनी एकोणीस छर्रे टेबलावर ओतले. लाभाचा छर्रा मात्र त्यांच्या उजव्या मुठीत वेगळा राहिला.

मी मोजले होते वीस. मी अर्धा उठलो. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि तळहात जरासा खाली केला. मी बसलो.

पिशवी दोऱ्याने बांधून पारड्यात गेली. काच खाली. मूठ फिरली. न्यूट्रॉनचं पारडं सावकाश, पण कोणालाही शेवटच्या बाकावरून दिसेल इतकं खाली गेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनीही वाजवल्या, एक मूठ मिटलेली असल्यामुळे आवाज आला नाही.

नाना टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मला भीती होती की ते हे असंच जाऊ देतात की काय. मग वाटलं, जाऊ दिलं तर बरं. त्यांनी ते जाऊ दिलं नाही, आणि अक्कांना खोटंही पाडलं नाही.

"हा झुकाव साडेतीन छर्ऱ्यांचा आहे," ते म्हणाले. "आमचे हे वजनमापे खात्याचे साहेब तोलून सांगतील. त्यातला एक छर्रा माझ्या बहिणीचा आहे, तो वजा धरा. राहिले अडीच. ते कोणाच्याही हातचे नाहीत."

विभागप्रमुख उभेच होते. ते आता मुलांच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "त्या अडीचचं पुढं काय होतं, नाना?"

आणि नाना बोलले. अणूच्या बाहेर एकटा पडलेला न्यूट्रॉन मोडतो. मोडला की मागे प्रोटॉन राहतो. अडीचमधला एक छर्रा इलेक्ट्रॉन होऊन बाहेर पडतो. उरतो दीड. तो दीड कुठे जातो? तो वस्तू म्हणून राहतच नाही, ऊर्जा होऊन निघून जातो. "आणि हाच फरक उलटा असता, मघाशी काटा झुकला तसा, तर प्रोटॉन मोडला असता. प्रोटॉन मोडला की हायड्रोजन नाही. हायड्रोजन नाही तर पाणी नाही. पाणी नाही तर हे कॉलेज नाही, सर नाहीत, तुमची परीक्षा नाही."

"मग उलटंच असू द्या नाना!" मागून एक मुलगा ओरडला. सगळ्यात जास्त नाना हसले.

पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती. मी घड्याळ लावून बसलो होतो. नाना एकूण बावन्न मिनिटं बोलले. तीन मुलांनी प्रश्न विचारले. त्यातला एक प्रश्न नानांना आला नाही, तेव्हा त्यांनी तो कोटाच्या खिशातून वही काढून उतरवून घेतला. शाल शेवटी त्यांना घ्यावीच लागली.

बाहेर पायऱ्यांवर अक्कांनी मूठ उघडली. "हाऊ एक वर उरना भाऊ. हाऊ कोना?"

नाना म्हणाले, "मोजणाऱ्याचा. तुझा."

अक्कांनी तो पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि रिक्षात बसल्या.

सोमवारी नाना आणि मी छर्रे परत करायला दुकानात गेलो. दुकानदार ते मोजेना. त्याने डबा काट्यावर ठेवला आणि आत सारायला लागला. नानांनी त्याचा हात धरला. "दोन कमी आहेत. एक मी घासला. एक बहिणीला दिला."

"अहो नाना, दोन छर्ऱ्यांचं काय घेऊन बसलात?"

"भाव सांगा."

एका छर्ऱ्याचे पाच पैसे होत होते. नानांनी खिशातून दहा पैशांचं नाणं काढलं आणि दुकानदाराच्या हातात ठेवलं.